पत्त्यात ‘मुंबई’, जागा करंजा: बंद दारांच्या संस्थेवर संशोधन कसं करायचं?

भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याची लाँच तुम्ही कधी पकडली आहे का? डाव्या हाताला घारापुरी राहते, पुढे जेएनपीटीच्या क्रेन दिसायला लागतात आणि भरती-ओहोटीनं साथ दिली तर तासाभरात तुम्ही मोऱ्याच्या जेटीवर उतरता. ओहोटी असेल तर गाळाचं काही सांगता येत नाही. माझ्या पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी मी ही लाँच बऱ्याच वेळा पकडली. विषय होता स्वातंत्र्यानंतरचं नौदल आणि किनाऱ्यावरचा समाज.

एकदा शेजारी बसलेल्या एका वयस्कर काकांना मी विचारलं, “काका, इथं नौदलाचं एक मोठं कॉलेज होतं ना? मोठ्या अधिकाऱ्यांचं?” काकांनी माझ्याकडे जरा संशयानंच पाहिलं. “कॉलेज? इथं कसलं कॉलेज? इथं डेपो आहे, दारूगोळ्याचा. त्याचा सेफ्टी झोन आहे. कॉलेज कुठलं?”

काका खोटं बोलत नव्हते आणि मीही चुकीचं विचारलं नव्हतं. कॉलेज होतंच. १९८८ पासून २०११ पर्यंत, म्हणजे तब्बल २३ वर्षं, भारतीय नौदलाच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांना उच्च नेतृत्वासाठी तयार करणारी संस्था याच उरणच्या बेटावर, करंजा इथं होती. नाव होतं ‘कॉलेज ऑफ नेव्हल वॉरफेअर’. आज ती गोव्यात ‘नेव्हल वॉर कॉलेज’ म्हणून ओळखली जाते. इतकी मोठी संस्था, आणि कुंपणाबाहेरच्या माणसाच्या आठवणीत तिचा मागमूसही नाही. माझ्यासाठी खरा संशोधनाचा प्रश्न तिथं सुरू झाला.

आजचा लेख संशोधनाच्या तयारीत असलेल्या तुमच्यासाठी आहे. ज्या संस्थेच्या दारातून आत जाता येत नाही, तिचा इतिहास लिहायचा कसा? करंजाचं उदाहरण घेऊन बघू.

आधी समजून घ्या: तिथं शिकवतात काय?

पुष्कळांना वाटतं, लष्करी अकादमी म्हणजे कवायत, पळणं आणि पासिंग आउट परेड. ते झालं नोकरीच्या सुरुवातीचं शिक्षण. पण सैन्यातला अधिकारी आयुष्यभर शाळेत जात असतो. खडकवासल्याच्या एनडीएमधून किंवा नौदलाच्या अकादमीतून तो बाहेर पडतो. काही वर्षांनी, स्पर्धेतून निवड झाली तर, तमिळनाडूतल्या वेलिंग्टनच्या स्टाफ कॉलेजमध्ये जातो. पुढे नौदलात ‘कॅप्टन’ हुद्द्याच्या आसपास पोचला की त्यातल्या निवडक लोकांसाठी हायर कमांडचा अभ्यासक्रम असतो. (नौदलाचा कॅप्टन म्हणजे भूदलाच्या कर्नलच्या बरोबरीचा. भूदलातला कॅप्टन बराच कनिष्ठ. या दोन कॅप्टनांत घोळ घालू नका, मी घातला होता.) त्याच्याही वर दिल्लीचं नॅशनल डिफेन्स कॉलेज, स्थापना १९६०. तिथं ब्रिगेडियर-कमोडोर दर्जाचे लोक आणि सनदी अधिकारी एका वर्गात बसतात.

करंजाची संस्था या शिडीच्या तिसऱ्या पायरीवर होती. तिचा मुख्य अभ्यासक्रम म्हणजे नेव्हल हायर कमांड कोर्स, सुमारे ३७ आठवड्यांचा. यात जहाज कसं चालवायचं हे शिकवत नाहीत, ते सगळ्यांना येतच असतं. शिकायचं असतं ते हे की, अनेक जहाजं, विमानं, पाणबुड्या, इंधन, हवामान आणि दिल्लीतला राजकीय निर्णय हे सगळं एकत्र धरून मोहीम कशी आखायची.

एक उदाहरण घ्या. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री भारतीय क्षेपणास्त्र बोटींनी कराचीवर हल्ला केला. निपात, निर्घात आणि वीर या त्या तीन बोटी, सोबत किल्तन आणि कच्छल ही जहाजं. बोटीवरच्या कप्तानाचं काम होतं लक्ष्य शोधून क्षेपणास्त्र सोडणं. पण या बोटी मुळात किनाऱ्याच्या बचावासाठी घेतलेल्या होत्या, त्यांचा पल्ला कमी. मोठ्या जहाजांच्या सोबतीनं, गरज पडली तर ओढत नेऊन, त्यांना शत्रूच्या बंदरापर्यंत पोचवायचं, ही कल्पना एका बोटीच्या डेकवरून सुचणारी नव्हे. बचावाचं हत्यार हल्ल्यासाठी वापरायचं, परतीच्या इंधनाचा हिशेब मांडायचा आणि हे सगळं युद्धाच्या एकूण हेतूशी जुळवायचं, ही मधली पातळी. रणकौशल आणि रणनीती यांच्या मधली. हायर कमांडच्या वर्गात शिकवतात ती हीच.

शिकवण्याची पद्धतही वर्गातल्या व्याख्यानापेक्षा वेगळी. छोट्या गटांत चर्चा, जुन्या मोहिमांची चिरफाड, आणि ‘वॉरगेमिंग’ म्हणजे नकाशावर किंवा संगणकावर दोन बाजू करून खेळलेलं युद्ध. शिवाय प्रत्येकाला प्रबंध लिहावा लागतो. करंजाच्या काळात या अभ्यासक्रमाला मुंबई विद्यापीठाच्या एम.फिल.ची जोड होती. म्हणजे तुम्ही-आम्ही ज्या सारांशावर आणि संदर्भसूचीवर घाम गाळतो, त्यावर हे गणवेशातले लोकही गाळत होते. मला हे कळलं तेव्हा या संस्थेबद्दलची भीती जरा कमी झाली.

मोठ्या चित्रात कुठं बसवायचं?

कुठलीही स्थानिक संस्था अभ्यासताना तिच्या आधीची उदाहरणं बघावीत. अमेरिकेचं नेव्हल वॉर कॉलेज १८८४ मध्ये न्यूपोर्ट इथं सुरू झालं, एका छोट्या बेटावर, आणि पहिली इमारत होती गावचं जुनं अनाथ-गरिबांचं आश्रयगृह. तिथं आल्फ्रेड महान यांनी दिलेल्या व्याख्यानांतून १८९० मध्ये समुद्रसत्तेवरचं त्यांचं प्रसिद्ध पुस्तक आलं आणि जगभरच्या नौदलांनी ते वाचलं. म्हणजे अशी संस्था अधिकारी घडवते, तशी विचारही घडवते. तिचा इतिहास म्हणून महत्त्वाचा.

आपल्याकडे भूदलाच्या स्टाफ कॉलेजची सुरुवात महाराष्ट्रातच झाली, नाशिकजवळ देवळालीला, १९०५ मध्ये. दोनच वर्षांत, १९०७ ला, ते क्वेट्टाला गेलं. फाळणीनंतर भारताच्या वाट्याचं कॉलेज वेलिंग्टनला उभं राहिलं. देवळाली आणि करंजा या दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून बघा. दोन्ही ठिकाणी संस्था सुरू झाली, नाव मोठं झालं ते दुसरीकडे, आणि मूळ गावात खूण उरली नाही.

आता पुढचा प्रश्न. नौदलाला स्वतःचं वॉर कॉलेज मिळायला १९८८ का उजाडलं? भारतीय नौदलाला पहिला भारतीय प्रमुख मिळाला तोच १९५८ मध्ये, व्हाइस ॲडमिरल रामदास कटारी. त्यानंतरही बराच काळ नौदल लहान होतं. मग काही गोष्टी एकामागून एक घडल्या. १९७४ मध्ये मुंबई हायला तेल लागलं. १९७६ च्या कायद्यानं २०० सागरी मैलांपर्यंतच्या आर्थिक क्षेत्रावर भारतानं हक्क सांगितला. १९८७ मध्ये ‘विराट’ ही दुसरी विमानवाहू नौका दाखल झाली. जानेवारी १९८८ मध्ये ‘चक्र’ ही अणुशक्तीवर चालणारी पाणबुडी सोव्हिएत संघाकडून भाडेपट्ट्यानं आली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मालदीवमधला उठाव मोडायला भारतीय सैन्य गेलं आणि ओलीस घेऊन पळालेलं जहाज नौदलानं भर समुद्रात अडवलं. त्या वेळचे नौदलप्रमुख होते ॲडमिरल जयंत गणपत नाडकर्णी. ज्या नौदलाकडे राखायला एवढा समुद्र आणि वापरायला एवढी साधनं आली, त्याला मोहिमा आखणारी माणसंही घडवावी लागणार. करंजाचं कॉलेज या वाढीच्या ऐन मध्यावर उभं राहिलं.

नावांच्या जाळ्यात अडकू नका

इथं मी केलेली चूक सांगतो, म्हणजे तुमचे तीन महिने वाचतील. मी ‘उरण’ आणि ‘मोरा’ हे शब्द घेऊन शोधत होतो. हाती काही येईना. मग मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, “अरे, पण लिहिणाऱ्यानं गावाचं नाव काय लिहिलं असेल, याचा विचार केलास का?”

ॲडमिरल करमबीर सिंग २०१९ मध्ये नौदलप्रमुख झाले. त्यांची अधिकृत ओळख वाचा: शिक्षण ‘कॉलेज ऑफ नेव्हल वॉरफेअर, मुंबई’. त्यांच्या आधी २०१२ मध्ये प्रमुख झालेले ॲडमिरल डी. के. जोशी, त्यांच्याही ओळखीत अमेरिकेचं नेव्हल वॉर कॉलेज, दिल्लीचं नॅशनल डिफेन्स कॉलेज आणि त्यांच्या जोडीला हेच ‘मुंबई’चं कॉलेज. उरण नाही, मोरा नाही, करंजाही नाही. खाडीपलीकडचं सगळं बेट ‘मुंबई’ या एका शब्दात गडप!

आता ‘करंजा’ घ्या. आज करंजा म्हटलं की बेटाच्या दक्षिण टोकाचं कोळ्यांचं गाव आणि मासळी बंदर डोळ्यांसमोर येतं. पण जुन्या इंग्रजी कागदांत करंजा म्हणजे अख्खं उरणचं बेट. १७८२ च्या सालबाईच्या तहात साष्टी, घारापुरी यांच्यासोबत इंग्रजांकडे राहिलं ते करंजा म्हणजे हे बेट. त्यामुळे सरकारी नावात ‘करंजा’ दिसलं की लगेच नकाशावर आजच्या करंजा गावावर बोट ठेवू नका.

तिसरी गंमत जिल्ह्याची. उरण आज रायगड जिल्ह्यात आहे. हा जिल्हा १९८१ पर्यंत कुलाबा होता. म्हणून तुम्ही कुलाब्याचं जुनं गॅझेटियर उघडाल. पण करंजा-उरणची नोंद आहे ठाण्याच्या १८८२ च्या खंडात, कारण तेव्हा हा भाग ठाण्यात होता! आणि सिडकोच्या नकाशात हाच परिसर नवी मुंबई प्रकल्पात येतो. एकाच जमिनीची ही सगळी नावं. संशोधनाच्या वहीचं पहिलं पान या नावांच्या तक्त्यासाठी ठेवा: कुठल्या काळात, कुठल्या कार्यालयानं, या जागेला काय म्हटलं.

आत न जाता काय मिळतं?

पुष्कळ मिळतं. पहिलं, नौदलानं स्वतः लिहून घेतलेला इतिहास. व्हाइस ॲडमिरल जी. एम. हिरानंदानी यांच्या ‘ट्रान्झिशन टू एमिनन्स’मध्ये १९७६ ते १९९० चा काळ येतो, म्हणजे कॉलेजच्या जन्माचा. व्हाइस ॲडमिरल अनुप सिंग यांच्या ‘ब्ल्यू वॉटर्स अहॉय’मध्ये २००१ ते २०१०. हे ग्रंथ उपयोगी आहेत, पण संस्थेनं स्वतःबद्दल सांगितलेली गोष्ट म्हणूनच ते वाचायचे.

दुसरं, माणसांच्या ओळखी. निवृत्त आणि कार्यरत वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या अधिकृत ओळखी प्रसिद्ध होतच असतात. पन्नास ओळखी घेऊन तक्ता करा: कोण कुठल्या कॉलेजात गेलं, देशात की परदेशात, त्यानंतर कुठलं पद मिळालं. याला सामूहिक चरित्राभ्यास म्हणतात. एक चरित्र किस्सा सांगतं, पन्नास चरित्रं संस्थेचं वजन सांगतात.

तिसरं, माहितीचा अधिकार. नौदलाला अर्ज करता येतो. या कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात सूट मिळालेल्या गुप्तचर आणि सुरक्षा संघटनांची यादी आहे, तिच्यात नौदल नाही. अर्थात कलम ८(१)(अ) नुसार सुरक्षेशी संबंधित माहिती नाकारता येते. म्हणून अर्ज शहाणपणानं लिहा. “अभ्यासक्रमात काय शिकवता” असं विचारण्यापेक्षा “स्थापनेचा आदेश कुठल्या तारखेचा, नाव बदलण्याचा आदेश कुठला” असं विचारा. शिवाय जून २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयानं धोरण आणलं, त्यानुसार साधारण २५ वर्षांनी कागदपत्रं खुली करायची आहेत. १९८८ त्या मर्यादेच्या केव्हाच पलीकडे गेलं.

आणि एक पक्की रेषा आखून घ्या. हद्दीचे फोटो काढायचे नाहीत. माजी नौसैनिकांशी बोलताना आजच्या व्यवस्थेबद्दल काही विचारायचं नाही. १९२३ चा गोपनीयतेचा कायदा संशोधकालाही लागू आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये उरणच्या शाळकरी मुलांनी संशयित शस्त्रधारी पाहिल्याचं सांगितलं आणि सगळा किनारा हाय अलर्टवर गेला होता. अशा गावात वही घेऊन फिरणाऱ्या अनोळखी माणसानं आपली ओळख आधी सांगावी. विद्यापीठाचं पत्र खिशात ठेवावं.

दोन तारखा म्हणजे कारण नव्हे

कॉलेजचं नाव २०१० मध्ये बदलून ‘नेव्हल वॉर कॉलेज’ झालं आणि २०११ मध्ये ते गोव्याला, मांडवीकाठी वेरेंच्या ‘आयएनएस मांडवी’वर गेलं. आता दुसरी माहिती: याच ‘आयएनएस मांडवी’वर १९८६ पासून नौदलाची अकादमी होती आणि २००९ मध्ये ती केरळात एळिमलाला गेली. दोन्ही ओळी शेजारी वाचल्या की लगेच वाटतं, हां, जागा रिकामी झाली म्हणून कॉलेज हललं!

इथंच थांबा. ही परिकल्पना आहे, निष्कर्ष नव्हे. तारखांचा क्रम जुळला म्हणून कारण सिद्ध होत नाही. जागा रिकामी होणं हे हलण्याची सोय सांगतं, हलण्याची गरज सांगत नाही. गरज सांगणारा कागद वेगळा शोधावा लागतो: आदेश, खर्चाची मंजुरी, संसदेतलं उत्तर, किंवा त्या वेळी निर्णयात असलेल्या माणसाची मुलाखत. माझ्या प्रबंधाच्या पहिल्या मसुद्यात मी “जागा रिकामी झाल्यामुळे” असं लिहिलं होतं. मॅडमनी ‘मुळे’ला लाल गोल केला. तेव्हापासून ‘मुळे’ लिहिताना माझा हात जरा थबकतो.

गोव्यात संस्थेला नवं रूप मिळालं. २०१७ पासून तिथं हिंदी महासागराच्या आसपासच्या देशांच्या नौदलांची ‘गोवा मेरीटाइम कॉन्क्लेव्ह’ भरते. मार्च २०२४ मध्ये संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांनी ‘चोल’ नावाच्या नव्या इमारतीचं उद्घाटन केलं. आत राजेंद्र चोलाच्या १०२५ च्या श्रीविजय मोहिमेचं भित्तिचित्र आहे. संस्था स्वतःचा इतिहास कुठून सुरू करते, हे त्या भिंतीवर दिसतं. एक हजार वर्षांमागची मोहीम भिंतीवर आली. करंजाची २३ वर्षं अधिकृत पत्रकात एका वाक्यात येतात.

आणि कुंपणाच्या या बाजूला?

आता परत लाँचमधल्या काकांकडे येऊ. त्यांना कॉलेज माहीत नव्हतं, पण सेफ्टी झोन माहीत होता. उरणमध्ये हा शब्द शेंबड्या पोरालाही कळतो. दारूगोळ्याच्या साठ्याभोवती ठरावीक अंतरापर्यंत बांधकामाला मज्जाव, असा त्याचा अर्थ. संरक्षण आस्थापनांभोवती असे निर्बंध घालणारा कायदा १९०३ चा आहे. नव्वदच्या दशकापासून उरणात यावरून अर्ज, मोर्चे, कोर्टकचेऱ्या चालू आहेत. घर वाढवायचं तर काय, नवं बांधायचं तर काय, आणि बांधलेलं राहील का, हे प्रश्न घरोघरी आहेत.

सालं परत एकदा बघा. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उरणच्या शेतकऱ्यांनी जमिनीच्या मोबदल्यासाठी लढा दिला. १६ आणि १७ जानेवारीला जासई आणि पागोटे परिसरातल्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. १९८८ मध्ये करंजाला कॉलेज आलं. १९८९ मध्ये जेएनपीटी बंदर सुरू झालं. पाच वर्षांत, एकाच तालुक्यात. नौदलाचा इतिहासकार यातलं मधलं साल घेतो, चळवळीचा अभ्यासक पहिलं घेतो, अर्थशास्त्रवाला तिसरं घेतो. तिघंही एकमेकांचं वाचत नाहीत.

माझ्या मते करंजाच्या कॉलेजचा इतिहास अपुरा राहण्याचं खरं कारण हे आहे, गोपनीयता नव्हे. आतले लोक समुद्राकडे बघून लिहितात आणि त्यांच्या लेखी मागची जमीन ‘मुंबई’ असते. बाहेरचे लोक जमिनीकडे बघून बोलतात आणि त्यांच्या लेखी आतलं सगळं ‘डेपो’ असतं. देशाचा समुद्र राखायला शिकवणारा वर्ग आणि घराच्या परवानगीसाठी तहसील कचेरीत घातलेल्या खेपा, या दोन्ही गोष्टी एकाच बेटावर, एकाच काळात घडल्या. दोघांना एका चौकटीत बसवणं हे इतिहासाच्या विद्यार्थ्याचं काम. दुसरं कोणी ते करणार नाही, कारण दुसऱ्या कुणाचं त्यात अडलेलं नाही.

म्हणून तुम्हाला गृहपाठ. तुमच्या गावाजवळची एक बंद दारांची संस्था निवडा. कारागृह, ऑर्डनन्स फॅक्टरी, वीजकेंद्र, काहीही चालेल. तिची सगळी नावं एका पानावर लिहा. आतल्यांनी लिहिलेला एक मजकूर वाचा आणि कुंपणाबाहेरच्या एका माणसाशी बोला. दोन्हींत जे एकमेकांना ठाऊकच नाही, तो तुमचा संशोधनाचा प्रश्न.

परतीच्या लाँचमध्ये काका पुन्हा भेटले. मी त्यांना सांगितलं, की नौदलाचे दोन प्रमुख तरी तुमच्या बेटावर शिकून गेलेत. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “मग त्यांना आमचं गाव माहीत असणार. सेफ्टी झोनचं त्यांना कुणी सांगितलं होतं का?”

माझ्या प्रबंधाचं चौथं प्रकरण या प्रश्नापासून सुरू होतं.